निघून गेलेल्यांचाही अभ्यास करा: ऑनलाइन स्वयंसेवेवर संशोधन करू शकणाऱ्यांना खुले पत्र

समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र, व्यवस्थापन आणि संगणकशास्त्र या विभागांतले संशोधक, पीएचडीचे मार्गदर्शक आणि संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था यांना,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन स्वयंसेवकांचं काम सांभाळणाऱ्या समन्वयकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. शंभर जणांनी फॉर्म भरला, तर त्यांपैकी प्रत्यक्ष काम किती जण करतील? आम्ही एक आकडा सांगतो. तो अनुभवातून आलेला असतो, पण कुणी तपासलेला नसतो. शेजारच्या संस्थेचा समन्वयक त्याच्या दुप्पट किंवा निम्मा आकडा तितक्याच खात्रीने सांगतो. कामाची मुदत, माणसांची संख्या, दात्यांना दिलेला शब्द हे सगळं मग या अंदाजावर उभं राहतं.

हे पत्र या अंदाजांबद्दल आहे, आणि ते तपासायला तुमची मदत हवी म्हणून लिहिलेलं आहे.

संशोधन अजिबात झालेलं नाही, अशी आमची तक्रार नाही. काही कामं आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो. इंग्रजी विकिपीडियावरच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर का घसरली, याचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांतला एक. खोडसाळ बदल थांबवण्यासाठी आणलेली अर्धस्वयंचलित साधनं आणि कडक होत गेलेले नियम यांनी चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांनाही परतवून लावलं, हे त्यात नोंदींच्या आधारे दाखवलं आहे. २०१२ चा एक प्रयोगही असाच. सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का विकिपीडिया संपादकांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही जण निवडले आणि त्यांना 'बार्नस्टार' हे कौतुकाचं चिन्ह दिलं. पुढच्या ९० दिवसांत त्यांचं काम हे चिन्ह न मिळालेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त भरलं. विज्ञानाच्या प्रकल्पांत नागरिकांनी केलेल्या कामाचा २०१५ चा अभ्यास तर आमच्या भिंतीवर लावावा असा आहे: सात प्रकल्प, प्रत्येकाचे पहिले १८० दिवस, एक लाखाहून अधिक माणसं. बहुतेक जण एकदाच आले आणि गेले. वरच्या १० टक्के लोकांनी जवळपास ८० टक्के काम उचललं.

अडचण अशी, की हे सगळं जिथे नोंदी आयत्या आणि फुकट मिळतात तिथलं आहे. विकिपीडियाचा प्रत्येक बदल वेळेसकट जाहीर असतो. आकाशगंगा ओळखण्याच्या प्रकल्पात प्रत्येक क्लिक साठवली जाते. पण दोन पगारी माणसं आणि साठ स्वयंसेवक यांच्या जोरावर चालणाऱ्या संस्थेच्या नोंदी ईमेलमध्ये, एका गटाच्या चॅटमध्ये आणि तिघांनी तीन प्रकारे भरलेल्या शीटमध्ये विखुरलेल्या असतात. तिथे संशोधक सहसा फिरकत नाही. ऑनलाइन स्वयंसेवा घेणाऱ्या संस्था मात्र मुख्यतः अशाच असतात.

शब्दापासूनच घोळ आहे. 'ऑनलाइन स्वयंसेवा' या एका नावाखाली निदान तीन वेगळी कामं येतात. पहिलं तुकड्यांचं: फोटोतली आकाशगंगा चकतीसारखी की गोल ते सांगणं, उपग्रहचित्रावर इमारतीची कड आखणं, जुन्या नोंदवहीतल्या ओळी टंकणं. दुसरं जबाबदारीचं: संकेतस्थळ सांभाळणं, अहवालाचं भाषांतर, देणग्यांची शीट. तिसरं माणसाशी थेट संबंधाचं: शिकवणी, नोकरीसाठी मार्गदर्शन, चॅटवरची हेल्पलाइन, दृष्टिहीन व्यक्तीला व्हिडिओ कॉलवर पाकिटावरची तारीख वाचून दाखवणं. पहिल्या कामातून माणूस निघून गेला तर कुणाचं काही अडत नाही. दुसऱ्यातून गेला तर अर्धवट फाइल आणि पासवर्ड त्याच्याकडे राहतात. तिसऱ्यातून गेला तर पलीकडे कुणीतरी ठरल्या वेळी स्क्रीनसमोर वाट बघत बसलेलं असतं. या तिन्हींची मिळून 'टिकून राहण्याची सरासरी' काढली, तर ती कुणाच्याच उपयोगाची नसते. तरी एकाच प्रश्नावलीत तिघांना कोंबलेलं आम्ही वारंवार बघतो.

आता गळतीकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथे आहे.

आमच्या बहुतेक शीटमध्ये 'स्थिती' नावाचा एक रकाना असतो: नवीन, सक्रिय, निष्क्रिय. स्थिती बदलली की समन्वयक जुना शब्द पुसून नवा लिहितो. त्या क्षणी इतिहास पुसला जातो. माणूस नोंदणीनंतर तिसऱ्या दिवशी गप्प झाला की तिसऱ्या महिन्यात, हे मग कुणालाच सांगता येत नाही. याला इलाज साधा आहे, स्थितीऐवजी तारखा ठेवायच्या. फॉर्म कधी आला, आमचं पहिलं उत्तर कधी गेलं, पहिलं काम कधी दिलं, ते कधी परत आलं, त्यावर आम्ही प्रतिक्रिया कधी दिली, दुसरं काम कधी परत आलं. या सहा तारखांमधली पाच अंतरं मोजली की गळकी जागा कुठे आहे ते दिसू लागतं.

इथपर्यंत संशोधकाची गरज नाही, शिस्त असली की पुरे. गरज पुढे लागते. मागच्या आठवड्यात नाव नोंदवलेला माणूस 'टिकला' असं धरायचं की 'गेला' असं? दोन्ही चूक. त्याला अजून पुरता वेळच मिळालेला नाही. वैद्यकीय संशोधनात रुग्ण किती काळ जगले हे मोजताना हाच पेच असतो, आणि तिथे तो सोडवण्याची संख्याशास्त्रीय पद्धत रुळलेली आहे. आम्ही मात्र वर्षाच्या शेवटी सक्रियांच्या संख्येला एकूण नोंदणीने भागतो आणि तो आकडा अहवालात छापतो. डिसेंबरमध्ये मोठी मोहीम घेतली की हा आकडा आपोआप बदलतो, कारण छेदात एकदम भर पडते. स्वयंसेवक तेच, आमचं वागणंही तेच.

दुसरा पेच शांततेचा. माणूस दोन महिने बोलला नाही म्हणजे तो गेला का? परीक्षा, आजारपण, नवी नोकरी अशी कारणं असतात आणि चार महिन्यांनी तो जणू काल गेल्यासारखा परत येतो. 'गेला' याची व्याख्या ३०, ६० आणि ९० दिवस अशा तिन्ही प्रकारे करून निष्कर्ष बदलतो का ते पाहावं लागेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या काळात त्याला देण्यासारखं काम आमच्याकडे होतं का, याची नोंद हवी. नसेल, तर त्याने आम्हाला सोडलं नाही, आम्हीच त्याला सोडलं. हा फरक आम्ही वाचलेल्या फार थोड्या अभ्यासांत केलेला दिसतो.

कामाची टंचाई ही गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही. स्वयंसेवक कमी पडतात असंच सगळे धरून चालतात. दृष्टिहीनांना व्हिडिओ कॉलवर डोळस मदतनीस जोडून देणाऱ्या, २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'बी माय आइज' या अॅपचं उदाहरण बघा. तिथे डोळस मदतनीसांची संख्या दृष्टिहीन वापरकर्त्यांच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे नोंदणी करून कॉलची वाट पाहणारे पुष्कळ. संकट आलं की हेच घडतं. पहिल्या ४८ तासांत मदतीचे इतके अर्ज येतात की ते वाचायलाच माणसं लागतात, आणि काम नीट आखून होईपर्यंत अर्ज करणाऱ्यांचा उत्साह ओसरलेला असतो. वाट पाहणाऱ्या माणसाला किती दिवस, कशाने आणि किती वेळा बोलावून धरून ठेवता येतं? दर आठवड्याला एक संदेश धाडला तर तो टिकतो की वैतागून बाहेर पडतो? आम्हाला ठाऊक नाही, आणि एकेकट्या संस्थेला हे शोधून काढणं जमणारही नाही.

का जमणार नाही, ते आकड्यांतच सांगतो. समजा, नोंदणी करणाऱ्यांपैकी ३० टक्के लोक पहिलं काम पूर्ण करतात. त्याच दिवशी उत्तर दिलं तर हे प्रमाण ४० टक्क्यांवर जाईल अशी आमची अटकळ आहे. ती तपासायची तर अर्ध्यांना त्याच दिवशी आणि अर्ध्यांना नेहमीप्रमाणे तिसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं, आणि कुणाला काय मिळणार हे नाण्याने ठरवायचं. ८० टक्के शक्ती (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि पाच टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता) या संख्याशास्त्रातल्या नेहमीच्या निकषांनुसार प्रत्येक गटात सुमारे ३५६ माणसं लागतात, म्हणजे एकूण ७१२. महिन्याला ४० नोंदण्या होणाऱ्या संस्थेला एवढी माणसं गोळा करायला जवळजवळ दीड वर्ष लागेल. तोवर समन्वयक बदललेला असेल, फॉर्म बदललेला असेल, बहुधा कामही बदललेलं असेल. अशा सहा संस्था एकत्र आल्या तर हेच तीन महिन्यांत होतं. पण सहा संस्थांना एका रचनेत बांधायचं, प्रत्येक संस्थेच्या आत स्वतंत्रपणे गट पाडायचे, नोंदी एकाच साच्यात आणायच्या आणि मध्येच कुणी 'उत्तर उशिरा देणं बरं दिसत नाही' म्हणून सगळ्यांनाच लगेच उत्तरं धाडायला लागलं तर ते पकडायचं, हे विद्यापीठाच्या पाठबळाशिवाय होत नाही. शिवाय दोन्ही गटांतले लोक एकाच चॅटवर असतील तर 'मला तर लगेच उत्तर आलं' असं कुणीतरी लिहितंच आणि प्रयोग तिथेच फसतो. प्रयोग संपेपर्यंत नव्यांना सामाईक गटात घ्यायचं नाही, अशी बारीकसारीक पथ्यं आधीच लिहून ठेवावी लागतात.

असे प्रयोग फळतात याचा पुरावा आहे. मूव्हीलेन्स या चित्रपट सुचवणाऱ्या संकेतस्थळावरच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सदस्यांना 'तुमचं मत इतरांपेक्षा वेगळं म्हणून मोलाचं आहे' असं सांगितल्यावर आणि ठरावीक आकड्याचं उद्दिष्ट दिल्यावर योगदान वाढलं. जर्मन भाषेतल्या विकिपीडियावर नवख्यांना नुसतं नावापुरतं पारितोषिक दिल्यावर त्यांचं टिकण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलं आणि परिणाम वर्षभर राहिला. पण मोठ्या संकेतस्थळावर अनोळखी माणसाला मिळालेलं चिन्ह आणि बारा जणांच्या भाषांतर गटात ओळखीच्या समन्वयकाने केलेलं कौतुक यांचा परिणाम सारखाच होईल का? एकाचं जाहीर कौतुक झालं की उरलेले अकरा काय करतात? हे तपासायला पैसा फारसा लागत नाही, चिकाटी मात्र लागते.

कामाच्या दर्जाबद्दल दोन टोकाची मतं कानावर येतात: 'फुकटचं काम कच्चंच असणार' आणि 'गर्दी कधी चुकत नाही'. दोन्ही आळशी. दर्जा कामाच्या रचनेतून येतो. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संग्रहासाठी पुस्तकं तयार करणारं डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स २००० मध्ये सुरू झालं. तिथे एकेक पान मुद्रितशोधनाच्या तीन आणि मांडणीच्या दोन फेऱ्यांतून जातं आणि मग एक माणूस सगळं पुस्तक जुळवतो. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या जुन्या नोंदी जमवणाऱ्या संस्थेच्या सूचीकरणात अनेक वर्षं अशी पद्धत होती: दोघांनी एकमेकांचं न बघता तीच नोंद टंकायची आणि फरक पडला तर तिसऱ्याने निवाडा करायचा. अंतराळातल्या धुळीचे कण चित्रांत शोधण्याच्या स्टारडस्ट-अॅट-होम या २००६ च्या प्रकल्पात आधी चाचणी द्यावी लागे. नंतरही ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे अशी चित्रं मध्ये मध्ये मिसळलेली असत, त्यामुळे प्रत्येकाची नजर किती भरवशाची आहे ते सतत कळत राही.

आम्हाला यात हवा आहे तो किती माणसं पुरेत याचा हिशोब. प्रत्येक जण ९० टक्के वेळा बरोबर असेल, तर तिघांच्या बहुमताचं उत्तर ९७.२ टक्के वेळा बरोबर येतं. पण ते तिघांच्या चुका एकमेकांशी संबंध नसलेल्या असतील तरच. व्यवहारात तसं नसतं. पुसट अक्षर तिघांनाही पुसटच दिसतं आणि तिघंही तीच चूक करतात. अशा पानावर पाचवा आणि सातवा माणूस बसवणं म्हणजे त्यांच्या संध्याकाळी वाया घालवणं. उलट सोप्या पानाला दुसरा माणूसही बहुधा जास्तच. पान सोपं की अवघड हे आधी कसं ओळखायचं आणि त्यानुसार माणसं कमीजास्त कशी लावायची, यावर संगणकशास्त्रात उत्तम काम आहे. पण ते लाखो क्लिक असलेल्या प्रकल्पांसाठी. चारशे पानं आणि पंधरा माणसं असतील तर काय, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

आणि काही चुका कितीही माणसं लावली तरी जात नाहीत, कारण उत्तर त्या चित्रात मुळी नसतंच. फिलिपिन्समधल्या २०१३ च्या हैयान चक्रीवादळानंतर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून इमारतींची पडझड नोंदवली. नंतर प्रत्यक्ष जागेवर पडताळणी झाली तेव्हा बरंच अंतर आढळलं. वरून छप्पर दिसतं, भिंती दिसत नाहीत. रस्ते आणि इमारती कुठे आहेत हे आखण्यात तीच माणसं वाकबगार असतात, हे २०१० च्या हैती भूकंपानंतर जगाने पाहिलं होतं. म्हणजे दोष माणसांच्या फुकट असण्यात नव्हता, त्यांना कोणता प्रश्न विचारला त्यात होता. कोणती कामं दुरून होण्यासारखी आहेत आणि कोणती म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, याची तपासलेली यादी हाती आली तर पुढच्या आपत्तीत पुष्कळ श्रम वाचतील.

खर्चाचं गणित तर कुणी मांडतच नाही. समजा, ३० पानांचा अहवाल सहा जणांत पाच-पाच पानं असा वाटला. शब्दसूची बनवायला समन्वयकाचे २ तास, सूचना आणि नमुन्याचं पान १ तास, शंकानिरसन २ तास, दोघांनी मध्येच सोडलेली दहा पानं पुन्हा वाटायला १ तास आणि सहा जणांच्या सहा शैली एकसारख्या करायला ६ तास. झाले १२. तेच भाषांतर समन्वयकाने एकट्याने २० तासांत केलं असतं असं धरलं तर संस्थेचे ८ तास वाचले. वार्षिक अहवालात मात्र स्वयंसेवकांचे २४ तास झळकतात, समन्वयकाचे १२ कुठेच दिसत नाहीत. पुढच्या अहवालाच्या वेळी तीच सहा माणसं आली तर शब्दसूची तयार असते, शंका कमी निघतात आणि बारावरून सहा-सात तासांवर येता येतं. नवीन सहा आली तर पुन्हा बारा. गळतीची आम्हाला एवढी धास्ती का, हे यातून कळावं. माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याला शिकवण्यात घातलेले आमचे तास जातात. समन्वयकाच्या तासांची रोजनिशी निदान वीस-पंचवीस संस्थांत, निदान सहा महिने ठेवून घेणारा अभ्यास आम्हाला सर्वांत आधी हवा आहे. निधी देणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं, कारण 'स्वयंसेवक आहेत, मग पगार कशाला?' हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

तासांच्या मोजणीचाही प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये स्वयंसेवेच्या मोजणीची पुस्तिका काढली. तिच्यात साधारण चार आठवड्यांच्या काळात काय काम केलं ते माणसांना आठवून सांगायला लावतात. झाडं लावायला गेलेली सकाळ आठवते. बसमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर तपासलेले नकाशाचे सात चौकोन आठवत नाहीत, आणि आठवले तरी ते 'स्वयंसेवा' म्हणून मोजावेत हे सुचत नाही. संगणकाने आपोआप ठेवलेल्या नोंदींवरून मोजायचं तर पान उघडं ठेवून माणूस जेवायला गेला असेल. विकिपीडियावरच्या अभ्यासात दोन बदलांमध्ये एक तासाहून जास्त खंड पडला तर नवी बैठक धरायची अशी रीत आहे. भाषांतरात माणूस एका वाक्यावर अर्धा तास विचार करत बसतो आणि संगणकाला ती शांतताच दिसते. तेव्हा कामाच्या प्रकारानुसार वेगळी मर्यादा हवी. ती किती, हे थोड्या लोकांवर जरी प्रत्यक्ष वेळ लावून तपासलं तरी भागेल.

प्रेरणांवरच्या प्रश्नावल्यांबद्दल थोडं कडवट लिहावं लागेल. 'तुम्ही स्वयंसेवा का करता?' हे आमच्या लोकांना पुष्कळ वेळा विचारून झालं आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली तीस विधानांची, सहा प्रेरणांची मापनपट्टी चांगलीच आहे, पण ती समोरासमोरच्या स्वयंसेवेवरून घडवलेली आहे. ऑनलाइन कामातला एकटेपणा, अनामिकता, मन मानेल तेव्हा निघून जाण्याची मुभा यांना तिच्यात जागा नाही. शिवाय उत्तरं देतं कोण? जे टिकले ते, आणि त्यांतही ज्यांना फॉर्म भरायचा उत्साह आहे ते. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत कुठल्या भांड्यातलं हे आधी बघावं लागतं. २००८ च्या जागतिक पाहणीत विकिपीडिया संपादकांतल्या स्त्रियांचं प्रमाण १२.७ टक्के निघालं होतं. पाहणीला उत्तर देणारे आणि न देणारे यांच्यातला फरक लक्षात घेऊन २०१३ मध्ये संशोधकांनी तो आकडा दुरुस्त केला, तेव्हा तो १६.१ टक्के भरला. अशी दुरुस्ती करणं शक्य असतं, फक्त आधी मनात यावं लागतं. निघून गेलेल्यांना गाठायचं तर चाळीस प्रश्नांचा फॉर्म चालत नाही. गप्प झाल्यावर दहा-बारा दिवसांत एकच प्रश्न, एका शब्दात उत्तर देता येईल असा, आणि 'उत्तर नाही दिलंत तरी चालेल' हे स्पष्ट लिहून. उशीर केला तर माणूस खरं कारण विसरतो आणि 'वेळ नव्हता' लिहून मोकळा होतो.

स्वयंसेवा कुठे संपते आणि फुकटची मजुरी कुठे सुरू होते, हा प्रश्न जुना आहे. अमेरिका ऑनलाइन कंपनीच्या चॅटरूम सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये मजुरीसाठी दावा लावला होता, आणि पुढे कंपनीने दीड कोटी डॉलर देऊन तो मिटवला. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर मजकुरावर देखरेख ठेवणाऱ्या मॉडरेटरांचं विनामोबदला काम दिवसाला निदान ४६६ तासांचं आणि वर्षाला निदान ३४ लाख डॉलरचं आहे, असा अंदाज २०२२ च्या एका अभ्यासाने मांडला. नफा कमावणाऱ्यांना 'फुकट ते पौष्टिक' वाटणारच. पण सेवाभावी संस्थेत हीच रेघ कुठे ओढायची? जे काम काल पगारी माणूस करत होता ते आज स्वयंसेवकाला दिलं, हे किती ठिकाणी घडतं? हे आम्हीच आमच्याबद्दल सांगितलं तर कुणी विश्वास ठेवू नये. बाहेरच्याने तपासायला हवं.

हेल्पलाइनवर काम करणाऱ्यांबद्दल एकच मुद्दा. केंद्रात बसून फोन घेणाऱ्याच्या शेजारी दुसरं माणूस असतं. अवघड संभाषणानंतर डोळ्याला डोळा भिडतो, कुणीतरी पाणी आणून देतं. घरून चॅट करणारा लॅपटॉप मिटतो आणि थेट झोपायला जातो. त्याच्यावर काय परिणाम होतो आणि पाळीनंतरच्या दहा मिनिटांच्या बोलण्याने तो कितपत कमी होतो, हे कळायला हवं. तेही सगळ्यांच्या सुरक्षेची पुरती काळजी घेऊन.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे यातलं पुष्कळ काही आमच्या डोळ्यांदेखत बदलतं आहे. प्रोग्रॅमिंगच्या शंका सोडवणाऱ्या स्टॅक ओव्हरफ्लोवर चॅटजीपीटी आल्यानंतर सहा महिन्यांत वावर सुमारे २५ टक्क्यांनी घटला, असं २०२४ च्या एका अभ्यासात आहे. आमच्याकडे वेगळंच घडतं. भाषांतराचं काम दिलं की दहा मिनिटांत गुळगुळीत मजकूर परत येतो. वरवर चूक दिसत नाही, अर्थ मात्र दोन ठिकाणी नेमका उलटा असतो. जुन्या कच्च्या भाषांतरातली चूक डोळ्यात भरायची, ही लपून राहते. तपासणाऱ्याला मूळ मजकूर ओळीगणिक ताडून पाहावा लागतो आणि तपासणीचा वेळ वाढतो. बंदी घालावी, वापर सांगण्याचं बंधन घालावं, की कच्चा मसुदा यंत्राकडून आम्हीच करून घ्यावा आणि माणसांना तपासायला बसवावं? तिसऱ्या वाटेत एक धोका आहे. 'मी भाषांतर केलं' असं सांगण्यात जो आनंद होता तो 'मी यंत्राच्या चुका शोधल्या' यात उरतो का? तो गेला तर माणसंही जातील. हे मोजण्याची वेळ आत्ताची आहे, कारण आधीची स्थिती कशी होती याच्या नोंदी दोन-तीन वर्षांनी मिळणार नाहीत.

आता अटी. मदत मागतो आहोत, तरी अटी घालतो, कारण पोळलेली माणसं आसपास आहेत. २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम दोष ठेवलेले बदल लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीचा गाभा (कर्नल) सांभाळणाऱ्यांकडे पाठवल्याचं प्रकरण गाजलं. आपला वेळ न सांगता प्रयोगासाठी वापरला म्हणून या सांभाळणाऱ्यांनी चिडून त्या विद्यापीठाचं योगदान घेणंच थांबवलं. २०२२ मध्ये क्रायसिस टेक्स्ट लाइन या संदेशांवर चालणाऱ्या अमेरिकी हेल्पलाइनवरच्या संभाषणांची ओळख काढून टाकलेली माहिती एका व्यापारी कंपनीला दिली जात असल्याचं बाहेर आलं, आणि टीका झाल्यावर ते थांबवावं लागलं. दोन्हीकडे नियमावर बोट ठेवून काही ना काही समर्थन होतं. विश्वास मात्र गेला.

म्हणून: वर्षातून एका स्वयंसेवकाकडे पाहणीसाठी दोनदाच जाता येईल आणि दर वेळी दहा मिनिटांहून जास्त नाही. प्रयोग चालू असल्याचं सर्वसाधारण निवेदन नोंदणीच्या फॉर्मवरच असेल, आणि नको म्हणणाऱ्याला कामाला मुकावं लागणार नाही. बारा जणांच्या गटात नाव गाळलं तरी वय, भूमिका आणि रुजू झाल्याचा महिना एवढ्यावरून माणूस ओळखता येतो, तेव्हा लहान गटांची माहिती एकत्र केल्याशिवाय बाहेर जाणार नाही. हेल्पलाइनवरचा मजकूर मिळणार नाही, फक्त वेळा मिळतील. निष्कर्ष आमच्या विरोधात गेला तरी छापा, परिणाम शून्य निघाला तरी छापा. आणि तो आम्हाला कळेल अशा भाषेत, दोन पानांत, जर्नलमध्ये छापून यायची वाट न पाहता आधी आमच्याकडे पाठवा. पीएचडी जमा होते आणि ज्यांनी माहिती दिली त्यांना बातमीही लागत नाही, हा अनुभव नवा नाही.

बदल्यात आम्ही तारखांच्या नोंदी देऊ, नाण्याने गट पाडायला परवानगी देऊ, समन्वयकांच्या तासांची रोजनिशी ठेवू. ज्यांनी आम्हाला सोडलं त्यांच्यापर्यंत त्यांच्या संमतीने पोचवू. आमच्या चुका लपवणार नाही.

सुरुवात अगदी लहान करता येईल. एखाद्या विभागाने आमच्याबरोबर बसून नोंदींचा सामाईक साचा ठरवावा. वरच्या सहा तारखा, कामाचा प्रकार, त्या आठवड्यात काम उपलब्ध होतं की नव्हतं, आणि त्या माणसासाठी समन्वयकाची किती मिनिटं गेली, असे नऊ रकाने. प्रत्येक रकान्याची व्याख्या एका ओळीत आणि शंका आली तर काय लिहायचं तेही. पहिला महिना तीन संस्थांनी तो भरून बघायचा. ज्या रकान्यात तिघांनी तीन अर्थ लावले तो दुरुस्त करायचा आणि मगच बाकीच्यांना द्यायचा. आमच्या अंदाजाने कामाच्या प्रकारावरून पहिला वाद होईल. तेव्हा तो रकाना आधी घ्या.

आपले,
ऑनलाइन स्वयंसेवकांचे समन्वयक